'फ'चं घर

लोटन देवरे पार्सल ऑफिसात होते, भुसावळला.
दिवसा केळीच्या वॅगनी मोजायचे
आणि रात्रपाळी नसली की
हजारो मैल लांबच्या एका बेटावरच्या
समाजवादी पक्षाचा इतिहास लिहायचे.
का, ते मी विचारलं नाही.
जुळाऱ्यानं मजकुराच्या तोंडी लागू नये,
एवढं उस्तादानं शिकवलं होतं.

"मी समिंदर दखेल नही, भाऊ,
पन तापीना पूर दखेल शे,"
म्हणत पहिलं प्रकरण ठेवलं त्यांनी माझ्या केसवर.
पानांना चहाचे गोल डाग.

बेटावरून गास्पार नावाचा गोदी कामगार पत्रं धाडायचा,
पाकिटावर माशाचं तिकीट.
पक्ष स्थापन झाला मासे सुकवायच्या शेडमध्ये.
अकरा माणसं, एक कंदील,
ठराव लिहायला मिठाच्या पोत्याची आतली बाजू.
शेडचा वास कसा असेल म्हणून
देवरे शनिवारच्या बाजारात सुकटीच्या ढिगापाशी
रुमाल न लावता उभे राहिले,
मग घरी जाऊन एक वाक्य खोडलं.

संपाचं प्रकरण मी दोन रात्रींत जुळवलं.
ऊसगाड्या उभ्या, बंदर बंद,
बायका बोटींच्या दोरांवर बसलेल्या.
आमच्या यार्डातही तेव्हा इंजिनं गार पडली होती,
शिसं बोटांना गरम लागायचं.

पाचव्या प्रकरणात पक्ष निवडून आला
आणि सहाव्यात फूट पडली.
झेंड्यावर चाक असावं की नसावं.
मग भाषेवरून फूट.
मग मोटारींवरून.
मग कोण खरा फुटीर, यावरून फूट.
ज्या म्हाताऱ्यानं कंदील आणला होता
त्याला काढून टाकायच्या सभेत
अध्यक्ष तोच होता, आणि त्यानं
ठराव नियमानुसार मताला टाकला.

एकशे अकराव्या ओळीला माझं 'फ'चं घर रिकामं झालं.

उलटसुलट करून पाहिलं, 'प'ला शेपूट जोडून पाहिलं.
शेवटी सावद्याच्या एका छापखान्यातून
मूठभर 'फ' उसने आणले,
लग्नपत्रिकांचे, जरा उंच, नखरेल.
त्या पानावर फूट हा शब्द
वरातीला निघाल्यासारखा दिसतो.

देवरे प्रूफ वाचून हसले नाहीत.
त्यांच्या स्वतःच्या पक्षाचे भुसावळात तेव्हा दोघंच उरलेले,
एक अध्यक्ष, एक सरचिटणीस,
आणि दोघांचं बोलणं बंद.
देवरे सरचिटणीस होते.

शेवटचं प्रकरण आलंच नाही.
गास्पारची पत्रं थांबली.
बांधलेली पानं आठ महिने दगडावर पडून,
सुतळीला धूळ.
मालक म्हणाला, मतदार यादी आलीय, खिळे सोडा.
सोडले.
कंदीलवाल्या म्हाताऱ्याच्या नावातला 'वे'
वॉर्ड क्रमांक चारच्या वेणूबाईकडे गेला,
'संप' मधला 'सं' बहुतेक कुठल्या संतोषकडे.
उसने 'फ' मी मोजून सावद्याला परत केले.
एक कमी भरला.

देवरे गेले त्याला आता किती वर्षं झाली.
छापखान्यात ऑफसेट आलं, केस भंगारात किलोवर गेल्या.
चौसष्ट पानांची प्रुफं तेवढी माझ्याकडे,
शेवटची सहा कोरी.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या सुनेनं एक पाकीट आणून दिलं.
माळ्यावरच्या ट्रंकेत, न फोडलेलं.
तिकिटावर तोच मासा.
म्हणाली, तुम्हालाच कळेल काका.
शिक्क्यावरची तारीख
देवऱ्यांच्या दहाव्याच्या आदल्या दिवसाची.

आत दोनच ओळी.
चष्मा पुसून मी त्या मराठीत आणल्या
आणि कोऱ्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिल्या:

आम्ही पुन्हा अकरा जण आहोत.
शेड तीच.

सवयीनं अक्षरं मोजली.
एकही 'फ' लागला नाही.